ई-मेलला पर्याय: वडवणीतून पाहिलं तर

ई-मेल लागतो कशाला?

बीड जिल्ह्यातल्या वडवणीत बहुतेकांना ई-मेल लागतो तो फॉर्मपुरता. ‘नीट’ परीक्षेचा अर्ज असो की शिष्यवृत्तीचा, रकाना भरावाच लागतो. मग ई-सेवा केंद्रातला मुलगा तिथल्या तिथे आयडी काढून देतो, पासवर्ड चिठोऱ्यावर लिहिला जातो आणि चिठोरा हरवतो. खरा व्यवहार चालतो व्हॉट्सॲपवर. ऊसतोडीला गेलेली माणसं गावाकडे निरोप धाडतात तो बोलून. टाइप करत कोण बसणार? ई-मेलला पर्याय इथे केव्हाच आलाय, कुणी उद्घाटन केलं नाही एवढंच.

नवे मंच का आपटतात

ई-मेल कुणा एकाच्या मालकीचा नाही. 1982 साली ठरलेल्या एसएमटीपी या सर्वांना खुल्या नियमांवर तो आजही चालतो, म्हणून जीमेलवरून याहूला पत्र जातं. नव्या मंचाचं तसं नसतं. समोरचाही त्याच मंचावर असावा लागतो. गुगलने 2009 मध्ये ‘वेव्ह’ आणलं. ई-मेल आज नव्याने घडवला तर कसा असेल, अशी त्यामागची कल्पना. सुरुवातीला प्रवेश फक्त आमंत्रणाने. ज्याला लिहायचं तोच आत नाही, अशी गत झाली. ऑगस्ट 2010 मध्ये गुगलने काम थांबवलं.

आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘संदेश’ आणि झोहो कंपनीचं ‘अरट्टई’ ही निरोपाची ॲप आहेत. दोन्हींची चर्चा सुरू झाली 2021 मध्ये. ‘अरट्टई’ला खरी गर्दी झाली सप्टेंबर 2025 मध्ये, तीही केंद्रीय मंत्र्यांच्या आवाहनानंतर. कॉल सुरक्षित होते, पण लिखित संदेशांना त्या वेळी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कुणालाही मजकूर वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी, नव्हतं. स्वदेशीच्या उत्साहात ही उणीव झाकायला नको होती.

निळी खूण कोर्टात

गप्पांपुरतं कुठलंही ॲप चालतं. खरी कसोटी लागते नोटीस, पावती, पुरावा यांच्या वेळी. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुली प्रकरणात व्हॉट्सॲपवरची पीडीएफ नोटीस बजावल्याचं मानलं, कारण निळ्या खुणांवरून ती उघडल्याचं दिसत होतं. जानेवारी 2025 मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांनी चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवू नये, असं बजावलं. कुणाच्या अटकेचा प्रश्न असेल तिथे निळी खूण पुरत नाही, आणि ते योग्यच आहे.

सुरू करायचाच तर

ई-मेलला नवा पर्याय काढायचा तर माझ्या मते त्यात तीन गोष्टी हव्यात. फोन नंबर बदलला तरी पत्ता तोच राहावा. तालुक्याच्या ठिकाणी सिम बदलणं नेहमीचं. जुना कागद वर्षांनंतरही सापडावा. आणि दुसऱ्या ॲपवरच्या माणसाला निरोप जावा. तिसरी सर्वांत अवघड, कारण मोठ्या कंपन्या आपण होऊन दार उघडत नाहीत. युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स कायद्याने व्हॉट्सॲपला ते उघडायला लावलं. भारतात तसा कायदा अजून नाही.