झगझगीत रंगाची शंका घ्यावी

गणपतीआधी घर रंगवायला काढलं की रंगारी आधी दारं, खिडक्या, ग्रिल पॉलिश पेपरनं घासून काढतो. ती धूळ फरशीवर बसते आणि रांगतं मूल दिवसभर तेच हात तोंडात घालतं. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. मग आता काळजी कसली, असं कुणी म्हणेल. पण नियम दुकानातल्या डब्याला लागतो, दारावरच्या जुन्या थरांना नाही. त्यातही ऑइल पेंट, आणि पिवळ्या-केशरी छटा जास्त संशयास्पद, कारण लेड क्रोमेट पिवळाधमक असतं आणि पारंपरिक शेंदूर तर शिशाचं ऑक्साइडच. म्हणून घरातलं शिसं शोधताना पहिली नजर रंगांवर टाकावी.

स्वयंपाकघरातही तेच. बांगलादेशात 1980च्या दशकात पुरात भिजून काळवंडलेली हळकुंडं उजळवायला व्यापारी लेड क्रोमेट चोळू लागले आणि पाणी ओसरलं तरी सवय राहिली. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं निघालं. सरकारनं छापे घातले, दंड ठोकले आणि 2021 मध्ये ते एकाही नमुन्यात सापडलं नाही. म्हणजे हे थांबवता येतं. ‘आम्ही अख्खी हळकुंडं आणून दळतो’, यावर आपल्याकडे अनेकांची भिस्त असते. पण हा रंग पॉलिश करताना हळकुंडालाच चढवतात, तेव्हा गिरणी बदलून भागत नाही. मातकट, बिनपॉलिशची हळकुंडं त्यापेक्षा बरी.

‘आजी-पणजीनं हेच वापरलं, काय झालं?’ काय झालं ते कुणी मोजलंच नाही. शिसं बहुधा ताप-उलटी आणत नाही; मुलाची आकलनशक्ती आणि एकाग्रता कुरतडतं, आणि आपण ‘अभ्यासात कच्चा’ म्हणून मोकळे होतो. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. आईच्या हाडांत साठलेलं गरोदरपणी बाळापर्यंत पोहोचतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याचं निर्धोक असं प्रमाण ठाऊक नाही. तेव्हा शेंदूर मारुतीला वाहा, मुलाच्या कपाळी नको, आणि नंतर हात धुवा. जुना रंग कोरडा घासू देऊ नका, पाणी मारून घासायला सांगा; तेवढे दिवस मुलं आणि गरोदर बाई दुसरीकडे राहोत. फरशी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. शंका असेल तर मुलाच्या रक्तातलं शिसं तपासायला डॉक्टरांना आपणहून सांगा.