पाणी, अंगठी आणि माती

आयर्लंडमधील शेतकऱ्यांच्या घरांत ३१ ऑक्टोबरची रात्र ही वर्षाच्या सांध्यावरची रात्र मानली जाई. गेलिक भाषेंत 'साउन' म्हणविल्या जाणाऱ्या या सणापासून हिंवाळा सुरू होई. कापणी आटोपलेली असे, गुरें रानांतून परतलेलीं असत, आणि मृतांचे आत्मे त्या रात्रीं घरीं येतात, अशी समजूत असे.

जेवणांत बटाटे व कोबी एकत्र घोटून केलेलें 'कोलकॅनन' असावयाचेंच. 'बार्मब्रॅक' नांवाच्या मनुका घातलेल्या पावांत अंगठी लपवीत. ती ज्याच्या तुकड्यांत निघे त्याचें लग्न वर्षाच्या आंत ठरलेलें. पोरांचा आवडता खेळ निराळाच होता. फुलीसारख्या बांधलेल्या काठ्यांच्या टोकांना आळीपाळीनें सफरचंदें व पेटत्या मेणबत्त्या लावून त्या छताला टांगीत, आणि गरगर फिरणारें सफरचंद हात न लावतां दातांनीं पकडावयाचें! कॉर्क परगण्यांतील ब्लार्नी येथें १८३२ सालीं पाहिलेल्या अशा एका मेळाव्यावरून चित्रकार डॅनियल मॅक्लीस यानें १८३३ सालीं 'स्नॅप-ॲपल नाइट' हें चित्र काढलें. विस्तवाच्या कडेला हेझल झाडाचीं दोन टणक फळें ठेवून त्यांस एका तरुणाचें व एका तरुणीचें नांव देत. दोन्हीं शांतपणें जळलीं तर संसार सुखाचा. एखादें तडकून उडालें कीं घरांत हंशा पिके.

तीन बशांच्या खेळांत मात्र हें हंसूं मध्येंच थांबे. एकींत पाणी, दुसरींत अंगठी, तिसरींत माती. डोळे बांधलेल्या मुलीनें चांचपडत एका बशींत हात घालावयाचा. अंगठी म्हणजे विवाह, पाणी म्हणजे समुद्रापलीकडचा प्रवास, माती म्हणजे वर्षाच्या आंत मरण. हीं भविष्यें हवेंतलीं नव्हतीं. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं व जवळजवळ तितकींच देशाबाहेर गेलीं. त्यानंतरहि जमीन बहुधा एकाच मुलाकडे जाई, आणि बाकीच्या कित्येकांस, मुलींसुद्धां, अमेरिकेची वाट धरावी लागे. निघणाऱ्या मुलामुलींसाठीं आदल्या रात्रीं, प्रेताजवळ जागावें तसे, शेजारीपाजारी जागत. त्या जागरणाला 'अमेरिकन वेक' असेंच नांव होतें. आईच्या दृष्टीनें पाण्याची बशी मातीच्या बशीहून फारशी निराळी नव्हती.

ही चाल शहरांतहि पोंचली होती. जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहांतील 'क्ले' या कथेंत मारिया नांवाच्या अविवाहित प्रौढेचा हात कसल्याशा मऊ, ओल्या पदार्थाला लागतो. कोणीच बोलत नाहीं. घरची बाई खोडकर मुलीला रागें भरते, मारियाला पुन्हां हात घालावयास लावते, आणि या वेळीं तिच्या हातीं प्रार्थनेचें पुस्तक येतें. त्याचा अर्थ, ती वर्षाच्या आंत मठांत जाणार.