उतारा निळा, विषही निळंच
(लेखमाला : औषधातले रंग)

मागच्या आठवड्यात जेन्शियन व्हायोलेट झालं. आता मेथिलिन ब्लू, आणि त्यासाठी मोहोपाड्याला यायलाच हवं.

मोहोपाडा म्हणजे रसायनीची बाजारपेठ. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या, म्हणजे सगळ्यांच्या एचओसीच्या, इथल्या कारखान्यात नायट्रोबेंझिन आणि अ‍ॅनिलिन तयार व्हायचं. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तो गुंडाळायचं ठरवलं. रॉकेटला लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे गेला.

अ‍ॅनिलिन श्वासावाटे जातंच, पण कपड्यांवर सांडलं तर कातडीतूनही अंगात मुरतं. मग हिमोग्लोबिनमधलं लोह बदलतं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ, नखं निळसर करडी पडतात. ऑक्सिजन लावला तरी रंग पालटत नाही. बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ८५च्या आसपास अडून बसतं, मग आत परिस्थिती कितीही बिघडलेली असो. अशा वेळी पांढऱ्या टिपकागदावर रक्ताचा एक थेंब टाकून बघतात. शिरेतलं एरवीचं काळपट रक्त हवा लागली की लाल होतं, हे चॉकलेटीच राहतं. पहिल्या पाच मिनिटांत मी तरी त्या यंत्रापेक्षा या कागदावर भरवसा ठेवीन.

यावरचा उतारा मेथिलिन ब्लू. १८७६ साली हाइनरिश कारो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो अ‍ॅनिलिनच्याच गोतावळ्यातल्या रसायनापासून बनवला. वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम, सावकाश शिरेतून. साठ किलोच्या कामगाराला एक टक्क्याच्या द्रावणाचे ६ ते १२ मिलिलिटर पुरतात आणि बहुधा तासाभरात ओठांवर लाली येते. लघवी हिरवी-निळी होते, त्याने घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते मात्रा चढल्यावर. किलोमागे ७ मिलिग्रॅमच्या पुढे हाच रंग लोहाला पुन्हा बिघडवतो, म्हणजे उताराच दुखणं बनतो. शिवाय तो काम करतो तो तांबड्या पेशींतल्या जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराच्या जोरावर. काहींमध्ये, विशेषतः पुरुषांत, हा विकर जन्मतःच कमी असतो. त्यांना नेहमीच्या मात्रेनेही गुण येत नाही. उलट तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील तर धोका निराळाच: मेंदूत सेरोटोनिन साचतं, ताप चढतो, हातपाय थरथरतात, माणूस भ्रमात जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये याचा जाहीर इशारा दिला होता. त्यामुळे अपघात विभागात घाई असली तरी सोबत आलेल्या नातेवाइकाला एवढं विचारायलाच हवं, ‘यांना रोजच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?’

कोरोनाच्या काळात हेच निळं औषध घरोघरी जिभेखाली धरलं गेलं. माशांच्या टाकीत टाकायलाही मेथिलिन ब्लू मिळतं. ती बाटली माणसासाठी नसते; शुद्धतेची हमी नाही आणि मात्रेचा पत्ता नाही.

पुढच्या आठवड्यात सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात तो आयोडिनचा ‘डाय’, आणि त्याआधी क्रिएटिनिन का तपासतात ते.