रॉक-संगीताची मैफल आणि ऐकणाऱ्याचे कान

'रॉक' या शब्दाचा अर्थ वर्गांत विचारला असतां निम्मीं मुलें 'खडक' असें उत्तर देतात, आणि उरलेलीं हंसतात. हंसणाऱ्यांना मोबाइलवर ऐकलेलें विजेच्या गिटारचें व ढोलांचें तें संगीत ठाऊक असतें. परंतु तें प्रत्यक्ष समोर ऐकण्याचा योग चिचगडच्या मुलांस सहसा येत नाहीं. मला तारुण्यांत या संगीताचा मोठा नाद होता, व त्यापायीं मीं आगगाडीच्या भाड्यांत बरेच पैसे घातले. त्या अनुभवांतून जें विद्यार्थिमित्रांस सांगण्याजोगें वाटतें तें येथें देतों.

आमच्यांतील कांहीं वडील मंडळी या संगीतास सैतानाचें संगीत म्हणतात. त्यांनीं त्याचें मूळ पाहिलें तर त्यांस नवल वाटेल. हें संगीत अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत नांवारूपास आलें. पण त्याचा एक झरा तेथील कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांच्या उपासनामंदिरांतून निघालेला आहे. सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–१९७३) ही बाई हातांत विजेची गिटार घेऊन देवाचीं स्तुतिगीतें गात असे, आणि पुढच्या पिढीच्या कित्येक रॉक-वादकांनीं तिचा कित्ता गिरविला. १९६४ सालीं इंग्लंडांत मँचेस्टर येथें एका बंद पडलेल्या रेल्वे-स्टेशनावर तिचें गायन झालें. एका फलाटावर ती, समोरच्या फलाटावर श्रोते, मध्यें रूळ आणि वरून पाऊस! झांजा व तंतुवाद्यें वाजवून देवाची स्तुति करण्याची चाल दीडशेव्या स्तोत्राइतकी जुनी आहे, एवढें नम्रपणें सांगून पुढें जातों.

आपल्या महाराष्ट्रांत अशा मैफलींचें मुख्य ठिकाण मुंबई. धोबी तलावानजीकचें रंगभवन हें उघडें नाट्यगृह त्यांसाठीं फार प्रसिद्ध होतें. १९८० सालीं 'पोलिस' नांवाची इंग्लंडची मंडळी मुंबईंत गाऊन गेली, आणि रंगभवनांत १९८६ मध्यें 'इंडिपेंडन्स रॉक' हा भारतीय वादकांचा मेळावा सुरू झाला. जवळच रुग्णालयें असल्यामुळें शांतता-क्षेत्राचा नियम आड आला व तेथील मैफली पुढें थांबल्या. रसिक हळहळले, पण रुग्णांची बाजू मला खरी वाटते. अलीकडे नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर १५ डिसेंबर २०१९ रोजीं आयर्लंडची 'यू-टू' ही मंडळी, आणि जानेवारी २०२५ मध्यें तीन रात्रीं इंग्लंडची 'कोल्डप्ले' येऊन गेली.

मीं पाहिलेली पहिली मोठी मैफल ता. ७ एप्रिल २००३ ची, मुंबईच्या ब्रेबॉर्न क्रीडांगणावरील. 'रोलिंग स्टोन्स' ही इंग्रज मंडळी १९६२ पासून गात होती. त्यांच्या ध्वनिफिती मीं झिजेपर्यंत ऐकल्या होत्या. नागपुराहून रात्रभर बसून गेलों. जागा मिळाली ती अगदीं दूरची. तेथून गाणारे करंगळीएवढे दिसत, आणि एक चमत्कार ध्यानांत आला : ढोलावर काठी पडलेली डोळ्यांस आधीं दिसे, आवाज मागाहून येई. खेळाच्या तासाला दूर उभा असलेला मुलगा चेंडू मारतो तेव्हां आपणही हाच अनुभव घेतों. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४३ मीटर; म्हणजे १०० मीटरांवर बसलेल्यास आवाज जवळजवळ तृतीयांश सेकंद उशिरां पोंचतो. म्हणूनच मोठ्या मैदानांत मध्यें जे ध्वनिक्षेपकांचे खांब उभारतात, त्यांतून आवाज मुद्दाम तितकाच उशिरां सोडावा लागतो. तसें न केलें तर दूरच्या श्रोत्यास प्रत्येक शब्द दोनदां ऐकूं येईल. टाळ्यांचेंही तेंच. हजारों लोक एका तालावर टाळी धरूं पाहतात, पण प्रत्येकास ताल वेगळ्या क्षणीं पोंचत असल्यामुळें ती टाळी वाऱ्यानें हललेल्या धानाच्या बांधीप्रमाणें लहरत जाते.

मग ध्वनिफितींत हेंच गाणें स्वच्छ ऐकूं येत असतां एवढ्या दूर जावें तरी कां? याचें उत्तर झाडीपट्टींतील माणसास सांगावयास नको. दिवाळीनंतर आपल्या भागांत नाटकांचे दिवस सुरू होतात. वडशाच्या मंडळ्या गांवोगांव येतात, लोक घोंगडी व चादरी घेऊन रात्रभर बसतात, आणि पेटी-तबल्याची साथ रंगमंचासमोर प्रत्यक्ष चाललेली असते. गायकानें तान लांबविली कीं तबलजी त्याच्या तोंडाकडे पाहतो, श्रोते दोघांकडे पाहतात, आणि ती तान पुढें कशी जावयाची तें कांहीं अंशीं श्रोतेच ठरवितात. ध्वनिफितींत हें नसतें. तेथें सर्व ठरून गेलेलें असतें. ब्रेबॉर्नच्या त्या गर्दींत शेजारच्या अनोळखी माणसास व मला एकच ओळ तोंडपाठ होती, आणि ती आम्हीं एकमेकांकडे पाहून ओरडून म्हटली. त्यासाठीं मी पुन्हांही जाईन.

आतां जी गोष्ट सांगावयाची तीसाठींच हा लेख लिहावयास घेतला. पुढें एका बंदिस्त सभागृहांतील मैफलींत मी हौसेनें ध्वनिक्षेपकाशेजारीं तीन तास उभा राहिलों. बाहेर पडलों तेव्हां सर्व जग कापसांत गुंडाळल्यासारखें वाटलें, आणि डाव्या कानांत रातकिड्यासारखा बारीक नाद सुरू झाला. दोन दिवसांनीं तो थांबला. मीं त्यास गमतीची खूण मानलें व असेंच आणखी चार-पांच वेळां केलें. शेवटच्या खेपेनंतर तो नाद थांबलाच नाहीं. हें लिहितांनाही तो चालूं आहे. डाव्या हातच्या बांकावरील मुलानें हळू उत्तर दिलें तर मी मान वळवितों, तें याच कारणानें.

कानाच्या आंत शंखासारखी एक पोकळी असते. तींत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केश-पेशी असतात. ध्वनीच्या कंपनानें त्या डोलतात व मेंदूस निरोप जातो. फार मोठ्या आवाजानें त्या आडव्या होतात. थोडक्यांत सुटलें तर पुन्हां सांवरतात, पण एकदां मेल्या कीं मनुष्याच्या कानांत त्या नव्यानें उगवत नाहींत. ध्वनीची तीव्रता डेसिबलमध्यें मोजतात, आणि हें माप फसवें आहे. तीन डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो असें मानतात. ८८ चा चार तास, ९१ चा दोन, आणि १०० चा अवघीं पंधरा मिनिटें! १९७६ सालीं लंडनांत 'द हू' या मंडळीच्या मैफलींत ३२ मीटरांवर १२६ डेसिबल मोजले गेले व त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. त्या मंडळींतील गिटारवादकानें आपले कान बिघडल्याचें पुढें स्वतः जाहीर केलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ मध्यें अशा ठिकाणांसाठीं सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली आहे. आपल्याकडे मंडईच्या व वरातीच्या गाड्यांवर जे पेटारे चढवितात, त्यांच्यापुढें नाचणाऱ्या मुलांस ही मर्यादा कोणी सांगत नाहीं.

उपाय दोन. कानांत घालावयाचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानांत मिळतात. साध्या कापसाचा उपयोग फारच थोडा. दुसरा उपाय फुकटचा : उघड्या जागीं ध्वनिक्षेपकापासूनचें अंतर दुप्पट केलें कीं आवाज सुमारें सहा डेसिबल उतरतो.

गेल्या हिंवाळ्यांत जवळच्या एका गांवीं नाटकास गेलों असतां मीं कानांत बोळे घातले. मध्यंतरांत पाठीमागून एक म्हातारी बाई पुढें आली व म्हणाली, "कानात का घातलं जी गुरुजी?" मीं एक नवी जोडी तिच्या हातावर ठेवली. तिनें बोळा दाबून पाहिला, तो पुन्हां फुगतांना पाहून हंसली, आणि परत देत म्हणाली, "मी नाटक आयकाले आली जी, कान बंद कराले नाही." ती परत आपल्या जागीं गेली तेव्हां मीं पाहिलें. तिनें घोंगडें अगदीं मागें, चिंचेखालीं अंथरलें होतें. मी मात्र ध्वनिक्षेपकाच्या तोंडासमोर बसलों होतों. दुसरा अंक सुरू होण्यापूर्वीं बोळे खिशांत घालून मी तिच्या शेजारीं जाऊन बसलों.