चिनी बशीवरचे वटवाघूळ

आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरणे अशुभ मानतात. जुन्या चिनी पोर्सेलीनच्या बशांवर आणि फुलदाण्यांवर मात्र ते हौसेने रंगवलेले दिसते. कारण चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘फू’ असाच आहे. पाच वटवाघळे म्हणजे दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि पिकल्या वयातला मृत्यू ही पाच सुखे. वटवाघूळ उलटे काढले, की ‘सौभाग्य आले’. कारण ‘उलटे’ आणि ‘आले’ यांचेही उच्चार सारखेच. मासा म्हणजे सुबत्ता, हरीण म्हणजे सरकारी हुद्द्याचे वेतन. या सगळ्या रंगवलेल्या कोट्याच आहेत!

अशा चित्रांत निळा रंग इतका का आढळतो? पोर्सेलीन सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. तेवढ्या उष्णतेत झिलईखाली टिकणारे रंग थोडेच. तांब्याचा लाल रंग लहरी. भट्टी जराशी बिघडली की तो उडतो किंवा करडा पडतो. कोबाल्ट टिकतो. झिलई वितळून काच झाली, की तिच्यातील कोबाल्टचे आयन प्रकाशातला पिवळा-नारिंगी भाग शोषतात आणि आपल्याला निळा रंग दिसतो. चित्रकाराला मात्र काम करताना तो दिसतच नाही. तो काळपट रंगाने कच्च्या भांड्यावर चितारतो आणि माती तो रंग टिपकागदासारखा शोषून घेते. खोडायची सोय नाही.

मग चित्रावरून भांड्याचे वय सांगता येईल का? आम्ही तरी एवढ्यावर विसंबणार नाही. पंधराव्या शतकाच्या आरंभी पश्चिम आशियातून आलेल्या, लोह जास्त असलेल्या कोबाल्टमुळे निळ्या रेषांत काळे ठिपके पडत. अठराव्या शतकातील कारागिरांनी नक्कल करताना तेही कुंचल्याने मुद्दाम काढले! तळावरच्या शिक्क्याचेही तेच. कांग्शी सम्राटाच्या काळातील (१६६२–१७२२) कित्येक भांड्यांवर चंगह्वा (१४६५–१४८७) या मिंग सम्राटाचे नाव आढळते.

येथे रसायनशास्त्र उपयोगी पडते. चिनी कोबाल्ट खनिजात मँगॅनीज भरपूर असते, पश्चिम आशियातील खनिजात अगदी कमी. भांड्यावर क्ष-किरण सोडले, की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत देते. त्यावरून ओरखडाही न काढता मँगॅनीज आणि लोह यांचे गुणोत्तर काढता येते. मात्र झिलईत आणि मातीतही थोडे लोह असते. म्हणून शेजारचा कोरा पांढरा भाग मोजून ते वजा करावे लागते. शिवाय काही कारागीर दोन्ही कोबाल्ट मिसळत. तेव्हा आकडा मधलाच येतो आणि पुन्हा चित्राकडे वळावे लागते.