तोडीचा संदेश का पोहोचत नाही?



गळीत हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात एक तक्रार हमखास येते : "शेजाऱ्याला तोडीचा मेसेज आला, मला का नाही?" तक्रार बारीक दिसते, पण नुकसान बारीक नसते. तोड लागल्याचे न कळल्याने कुणी फडाला पाणी सोडतो, आणि सकाळी टोळी आली की ट्रॅक्टर चिखलात रुतून बसतो. तोडलेली मोळी फडातच वाळली तर घटणारे वजन सभासदाचेच. म्हणून हा संदेश कोणत्या वाटेने येतो आणि कुठं अडतो, हे आपण पाहू.

कारखान्याच्या संगणकातून निघालेला संदेश थेट आपल्या खिशात येतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे नाही. तो आधी संदेश पाठविण्याचे काम करणाऱ्या संस्थेकडे जातो, तिथून मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात, आणि मग टॉवरवाटे फोनवर. जुनी तार अशीच एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत उतरवून घेत पुढे जाई. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, रीत मात्र तीच राहिली : घ्यायचे, पोच द्यायची, पुढे धाडायचे. शेवटची पोच कुणी दिली ते सापडले की अडचण त्याच्या पुढे आहे, असे धरून चालावे. संगणकावर 'पाठविला' असे दिसते त्याचा अर्थ पहिल्या हाताने घेतला, एवढाच. 'पोहोचला' ही नोंद निराळी. ती फोनकडून पोच आल्यावरच पडते.

आता समजा, बेंबळीत संदेश आला नाही. एका कंपनीचे सिम असलेल्या कुणालाच आला नाही, दुसऱ्या कंपनीवाल्यांना आला, तर बहुधा टॉवर किंवा त्या कंपनीचे केंद्र अडले आहे. कोणत्याच कंपनीवर कुणालाच आला नाही, तर शोध कारखान्याच्या बाजूने सुरू करावा लागतो. आणि एकट्यालाच आला नसेल, तर आधी नोंदवहीतला आपला नंबर तपासावा, मग फोन.

साध्या बटणाच्या फोनमध्ये संदेशाची जागा भरली की नवा संदेश आत शिरत नाही. जुने पुसले की वाट मोकळी. फोन बंद असेल किंवा वस्तीवर रेंज नसेल, तर केंद्र संदेश ठेवून घेते आणि पुन:पुन्हा प्रयत्न करते, पण ठरलेल्या मुदतीपुरतेच. मुदत टळली की तो संदेश गेला. सिम बदलून घेतल्यावर सुरक्षेसाठी २४ तास संदेश बंद ठेवतात, तेव्हा ऐन तोडीच्या तोंडावर सिम बदलू नये.

आणखी एक अडसर नियमाचा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठविणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. ८ मार्च २०२१ रोजी हा मजकूर साच्याशी ताडून पाहणे सुरू झाले, आणि देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले. दुसऱ्याच दिवशी ती तपासणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. फसवे संदेश रोखायला नियम बरा, पण साच्याबाहेरचा एखादा शब्द घातला तरी संदेश वाटेतच गळतो. म्हणून कारखान्याचे संदेश वर्षानुवर्षे एकाच ठशाचे दिसतात.

ते तुटक का, असेही विचारतात. इंग्रजी अक्षरांचा एक संदेश १६० खुणांचा, देवनागरीचा ७० चाच. काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. त्याहून लांबला की त्याचे तुकडे पडतात.

तक्रार घेऊन येताना फोन सोबत आणावा. शेजाऱ्याला संदेश किती वाजता आला आणि त्याचे सिम कोणत्या कंपनीचे, एवढे विचारून यावे; निम्मा शोध तिथेच लागतो. नंबर बदलला असल्यास तो गट कार्यालयात समक्ष नोंदवावा. ओटीपी मात्र कुणालाही सांगू नये, फोन करणाऱ्याने कारखान्याचे नाव सांगितले तरीही.