अकरा महिन्यांचं घर

तुम्ही वर्ध्याचे, हिंगणघाटचे, आर्वीचे की पुलगावचे? आणि सध्या नोकरीला पुण्यात? मग खरं सांगा, आतापर्यंत रूम किती वेळा बदलली? लागलात ना बोटं मोजायला!

आझाद हिंद किंवा महाराष्ट्र एक्स्प्रेसमधून उतरलेल्या आपल्या पोरांचा पहिला मुक्काम बहुतेक ठरलेला असतो. कॉलेजचा सीनिअर आधीच वाकडला असतो. ‘‘ये ना बे, टाकू एक गादी,’’ म्हणतो आणि वन आरकेमध्ये चौथी गादी पडते. पगार सुरू झाला की कॉट बेसिसवर स्वतःची कॉट. मग कंपनी बदलते. हिंजवडीतल्या आयटीवाल्याला खराडीचं ऑफिस मिळतं, भोसरीतल्या डिप्लोमावाल्याला चाकणचा प्लांट. नकाशावर अंतर फार वाटत नाही, पण शिफ्ट आणि ट्रॅफिक जमेना की पुन्हा बॅगा भरायच्या. पुढे भाऊ-बहीण शिकायला येतात, लग्न ठरतं, आणि ‘बॅचलर्सना देत नाही’ म्हणणाऱ्या सोसायटीचं दार एकदाचं उघडतं.

मुलींचं गणित वेगळं. सेकंड शिफ्ट सुटते रात्री आणि पीजीचं गेट त्याआधीच बंद. त्यामुळे भाडं जास्त पडलं तरी चालेल, पण जागा ऑफिसजवळ हवी, असं अनेकींना ठरवावं लागतं.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय असं समजू नका. चीनमधलं शेनझेन १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालं आणि भराभर वाढलं. शेतजमीन शहरात गेली, पण गावठाणं उरली. गावकऱ्यांनी तिथे खेटून इमारती बांधल्या आणि खोल्या भाड्याने दिल्या. कारखान्यातल्या कामगारापासून नव्या इंजिनिअरपर्यंत सगळे तिथेच राहू लागले. बाइशिझोउ ही त्यातली एक मोठी वस्ती. पुनर्विकासासाठी २०१९ मध्ये तिथल्या भाडेकरूंना खोल्या सोडाव्या लागल्या. घरमालकांना मोबदला, भाडेकरूंना नवी शोधाशोध. हिंजवडी-वाकडच्या जुन्या गावठाणात राहिलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

आता मुद्द्याचं. दर वेळी रूम सोडताना सगळ्यात जास्त भांडण कशावरून होतं? डिपॉझिटवरून. ‘पेंटिंगचे कापले’, ‘नळ तुटला होता’, ‘तू नोटीस दिली नाहीस’. पहिल्या नोकरीत हे पैसे अनेकदा बाबांनी कापूस विकून दिलेले असतात. म्हणून कागद नीट वाचा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा. तो अकराच महिन्यांचा आहे, ही सबब चालत नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे समोरच्याने सिद्ध करायचं. करार ऑनलाइनही नोंदवता येतो.

डिपॉझिट किती असावं? केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो. तोवर रक्कम, परतीची मुदत आणि कपात कशाची, हे करारातच लिहून घ्या.

मित्राच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहताय? मग सांभाळून. करारात तुमचं नाव नसेल, तर मालकाच्या लेखी तुम्ही पाहुणे. निदान तुमचा वाटा यूपीआयने द्या आणि ‘डिपॉझिट’ असं लिहून पाठवा. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा राहत नाही. रूम घेताना भिंती, नळ, गिझर आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो काढून मालकाला लगेच पाठवा. सोडतानाही तेच.

आणखी एक गोष्ट लक्षात आली का? पाच वर्षं पुण्यात काढली तरी आपण फोनवर ‘रूमवर चाललो’ असंच म्हणतो. ‘घरी’ म्हणजे वर्धाच. ते तसंच असू द्या. पण ज्या रूमचं भाडं दर महिन्याला भरता, तिच्या कागदावर तुमचं नाव आहे का, तेवढं आज रात्री बघाच.